दर रविवारी नवी जागा कशाला? लहान मुलांना एकच जागा वर्षभर दाखवा

टेकडीशेजारी (पुणे)

आमच्या सोसायटीतल्या आयांच्या गटात गुरुवारपासून एकच प्रश्न सुरू होतो, 'या रविवारी मुलांना कुठे?' मग यादी येते. कात्रजचं प्राणिसंग्रहालय झालं, सारसबाग झाली, एम्प्रेस गार्डन झालं, शनिवारवाडा झाला, आता पुढे काय? मला त्या 'झालं'चाच त्रास होतो. साडेतीन वर्षांच्या मुलाचं एका फेरीत काही 'होत' नसतं. त्याला गाडीत झोप लागते, पोचल्यावर भूक लागते, आणि परतताना त्याच्या लक्षात राहतो तो फुगेवाला.

माझं म्हणणं असं आहे की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षात पन्नास जागा दाखवण्यापेक्षा घराजवळची एक जागा पन्नास वेळा दाखवावी. मॉलमधलं खेळघर मी यात मोजतच नाही.

गेल्या जूनपासून मी मुलीला दर रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर नेते. वाट एकच, थांबे तेच. पहिले तीन-चार रविवार ती अर्धी वाट कडेवर होती आणि नुसती कुरकुरत होती. मग एका पसरट दगडावर तिने हक्क सांगितला. पहिल्या पावसानंतर मृगाचे किडे निघाले, लालभडक, मखमलीचे. पुढच्या रविवारी ती तेच शोधत राहिली. थोडे दिवस दिसले आणि मग गायब. 'कुठे गेले?' हे तिने आठवडाभर विचारलं, वरणभात जेवताना, आंघोळीला, झोपताना. श्रावणात गवत तिच्या खांद्याला लागलं. दिवाळीपर्यंत ते सुकून पिवळं पडलं आणि मोज्यात कुसळं घुसायला लागली. फेब्रुवारीत गिरिपुष्पाला पानं नव्हती, नुसती फिकट गुलाबी फुलं होती. पळस फुलला तेव्हा तिने मला हात धरून थांबवलं, कारण 'हे झाड मागच्या वेळी असं नव्हतं'.

हे वाक्य एकदाच जाऊन आलेलं मूल बोलू शकत नाही. म्हणून हा धागा काढला. विरोधी मतं जरूर मांडा.

जुळ्यांची आई (हडपसर)

विरोधी मत मांडते. टेकडी तुमच्या घरामागे आहे, म्हणून ती तुमची 'घराजवळची जागा'. मला तिथवर यायला गर्दीत दीड तास लागतो. माझ्या दोघी दोन वर्षांच्या आहेत. एकीला शू लागली की दुसरीला लागतेच. टेकडीवर स्वच्छतागृह कुठे आहे? दोघींना एकाच वेळी कडेवर घेऊन चढ कोण चढणार?

तुम्ही ज्याला मोजत नाही त्या मॉलमध्येच मी जाते. तिथे लिफ्ट आहे, बाळगाडी जाते, लंगोट बदलायला टेबल आहे आणि आईला बसायला खुर्ची आहे. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सकाळी नऊनंतर दोन वर्षांच्या पोरींना उघड्यावर न्यायची माझी हिंमत होत नाही. आठवडाभर नोकरी करून मला रविवारचे दोन तास मिळतात. ते मी सावलीत घालवते. यावरून कुणी मला निसर्ग शिकवायला आलं की वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

चार वर्षांच्या मुलाचा बाबा (सदाशिव पेठ)

माझा विरोध वेगळ्या कारणाने. मुलाने कधीही न पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा पाहताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मला पुन्हा पुन्हा बघायचं आहे. टेकडीवर तो चेहरा किती वेळा बघायला मिळणार?

राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. घरातल्याच वस्तू आहेत, पण अशा घरातल्या की जी आता उरली नाहीत. दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री, कुलपं, आणि अडकित्ते तर किती प्रकारचे! माझ्या मुलाने अडकित्ता हा शब्दच ऐकला नव्हता. आजी कशाने सुपारी कातरायची ते त्याला तिथे कळलं, आणि घरी येऊन त्याने आजीला तासभर पिडलं.

दिनकर केळकरांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने बापाने हे सगळं उभं केलं आणि पुढे महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. त्या इमारतीत मुलाचा हात धरून फिरताना मला दर वेळी ते आठवतं. जगात किती तऱ्हेच्या वस्तू आहेत हे मुलाला लहानपणीच दिसावं असं मला मनापासून वाटतं. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय, पेशवे पार्कातली फुलराणी, कात्रजचे साप, हे सगळं त्याने पाहावं. एकाच दगडापाशी त्याला वर्षभर का बसवायचं?

टेकडीशेजारी

'दर वेळी आठवतं' असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे तुम्हीही तिथे एकदा जाऊन थांबला नाहीत! केळकरांचा संग्रह वीस हजारांच्या घरात आहे. चार वर्षांचं मूल एका फेरीत त्यातलं काय काय बघणार? एका रविवारी फक्त दिवे बघा. पुढच्या वेळी फक्त अशा वस्तू शोधा ज्यांवर प्राणी किंवा पक्षी आहे. मी टेकडीचा आग्रह धरत नाही, परत जाण्याचा धरते.

हडपसरच्या ताई, तुमचं उत्तर लिहायला मला वेळ लागतोय. लिहिते.

भायखळ्याहून

आमची 'एकच जागा' म्हणजे राणीची बाग. पाहुणे आले की त्यांना पेंग्विन बघायचे असतात. 2017 पासून लोकांसाठी खुले आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे रांग असते. माझी पाच वर्षांची मुलगी पेंग्विनसमोर फार तर दोन मिनिटं उभी राहते. तिला गोरखचिंच हवी असते. त्या जाडजूड खोडाला मिठी मारून ती हात मोजते, आई, बाबा आणि ती मिळून किती पुरतं ते. मागच्या वर्षीपेक्षा या वर्षी तिचे हात थोडे लांब झालेत, हे तिला त्या झाडापाशी कळलं.

शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटालाच 'एलिफंटा' नाव दिलं. बोटीने घारापुरीला गेलो तेव्हा तिने विचारलं, 'आपला हत्ती इथे राहत होता?' म्हणजे नवी जागासुद्धा तिला जुन्या ओळखीतूनच कळली. धागाकर्तीशी मी सहमत आहे, एवढंच. (आणि बुधवारी बाग बंद असते. बाहेरगावाहून मुलांना घेऊन येणाऱ्यांनी आधी वार बघा, गेटवर रडणारी पोरं मी फार पाहिली आहेत.)

एक आई (नाशिक)

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. आमच्याकडे ही चर्चेची गोष्ट नाही. नवी जागा म्हणजे त्याला कानांवर हात, रडणं, जमिनीवर लोळणं. म्हणून आम्ही तीन वर्षं घराजवळच्या एकाच बागेत जातो. तोच बाक, तोच घसरगुंडीचा कोपरा, संध्याकाळची तीच वेळ.

पहिलं वर्ष वाईट गेलं. लोक बघायचे. एका बाईंनी आपल्या मुलाचा हात धरून त्याला लांब नेलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पण रोज तीच माणसं तिथे येत होती, आणि आम्हीही जात राहिलो. आता बागेचे माळीदादा पाइप चालू करण्याआधी त्याला सांगतात, कारण पाण्याच्या अचानक आवाजाला तो घाबरतो. भेळवाले त्याची पुडी चिंचेच्या पाण्याशिवाय बांधतात, न सांगता. दोन मुलं त्याला घसरगुंडीवर आधी जाऊ देतात. हे एका फेरीत मिळालं नसतं. तुम्ही झाडांबद्दल लिहिलंत, माझ्यासाठी माणसं महत्त्वाची ठरली.

पण एक सांगते. माझी धाकटी चार वर्षांची आहे आणि तिला त्या बागेचा कंटाळा आलाय. तिला रेल्वे बघायची आहे, धरण बघायचं आहे. तिला मी दर वेळी 'दादासाठी' म्हणून थांबवते, आणि ते बरोबर नाही. त्यामुळे 'सगळ्या मुलांना एकच जागा पुरे' असं मी कधीच म्हणणार नाही.

वाईचे आजोबा

सर्वांचं वाचलं. 'मुलांना कुठे न्यायचं' हा प्रश्नच मला परका वाटतो. आम्हाला कुणी नेत नव्हतं. ढोल्या गणपतीचा घाट होता, कृष्णामाई होती, कृष्णाबाईच्या उत्सवात आम्ही पोरं पंगतीत मीठ वाढायचो. कामाला लावलेलं मूल कंटाळत नाही.

तुमच्या सगळ्यांच्या गोष्टींत मूल आई नाहीतर बापाबरोबर आहे. बरोबरीची पोरं कुठे आहेत? माझं मत विचाराल तर मुलांना बाहेर न्यायच्या आधी सोसायटीत खाली उतरवा. नवरात्रात भोंडला करा, पाटावर हत्ती काढा, खिरापत डब्यात झाकून ओळखायला लावा. तीन वर्षांचं मूलही डबा हलवून आवाज ऐकतं आणि काहीतरी ठोकून देतं. दिवाळीत किल्ला करा. पण पोरांनाच करू द्या! हल्ली स्पर्धेच्या नादात बाप थर्माकोल कापतात आणि पोरं लांब उभी राहून बघतात. माती कालवणं, दगड आणणं, हळीव पेरून रोज पाणी शिंपडणं, हे पोरांचं काम आहे. बुरूज वाकडा होऊ दे. रात्रीतून ढासळला तर सकाळी परत बांधतील.

जुळ्यांची आई

आजोबा, तुमचा मान ठेवून विचारते. तुम्ही घाटावर खेळत होता तेव्हा लक्ष कोण ठेवत होतं? नदी होती, पायऱ्या होत्या. वाड्यातल्या काकू, आत्या, शेजारीण, धुणं धुणाऱ्या बायका, सगळ्यांची नजर असणार. 'कुणी नेत नव्हतं' हे खरं, पण सांभाळायला चार घरं होती. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि मला त्यातल्या दोघांची नावं माहीत नाहीत. त्या सगळ्या बायकांचं काम आज मी एकटी करते.

वाईचे आजोबा

बरोबर आहे, ताई. माझी आई घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांदूळ निवडायची. ती तिथे का बसते हे मी कधी विचारलं नाही. आज तुमचं वाचून कळलं.

टेकडीशेजारी

आता हडपसरच्या ताईंना उत्तर. स्वच्छतागृहाचा मुद्दा मी लिहिलाच नाही, कारण माझी मुलगी शू सांगते आणि घर दहा मिनिटांवर आहे. ज्या आईकडे हे नाही तिला 'टेकडीवर जा' म्हणणं चूक होतं. महापालिकेच्या बागांमध्ये बाळाला बदलायला नीट जागा आणि आईला बसायला सावली हवी, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी. आमच्या भागातल्या बागेसाठी मी अर्ज लिहायला घेतला आहे. मसुदा इथे टाकते, कुणाला काही सुचलं तर सांगा.

पण परत परत जाण्याबद्दलचं मत कायम आहे. नाशिकच्या ताईंच्या धाकटीसाठी मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

जुळ्यांची आई

अर्जावर माझंही नाव घाला.

आणि एक लिहायचं राहिलं. मॉलच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या बाजूला, माशांची मोठी टाकी आहे. दर रविवारी दोघी आधी तिथे पळतात. एका माशाची शेपटी फाटलेली आहे, तो त्या दुरून ओळखतात. मागच्या आठवड्यात तो दगडामागे होता, तर तो बाहेर येईपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत. वीस मिनिटं. माझा चहा तिथेच उभ्याने झाला. तुमच्या हिशेबात ही जागा मोजा.