रात्री खाजत असेल तर बोटांच्या बेचक्या बघा

पोराला पुरळ उठलं की ते घामोळंच, पावडर लावा, असं बरेच जण सांगतात. मे महिन्यात ठीक आहे, पण आमच्या खानापुरात ऐन पावसात धाकट्याला पुरळ उठलं तेव्हा मीही पंधरा दिवस पावडरच लावत बसले. पोर अंथरुणात शिरलं की खाजवून रडायचं. शेवटी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुटकुळ्या दिसल्या. खरूज!

बेळगावच्या डॉक्टरांनी ५ टक्के पर्मेथ्रिनचं (खरजेचे बारीक किडे मारणारं औषध) मलम दिलं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरी. आम्ही सासूबाईंना वगळलं, महिन्याभरात परत सुरू झालं. मलमानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, म्हणून रोज चोपडू नका. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच.