धडधाकट दिसणं पुरेसं नाही

विष्ठारोपणात निरोगी दात्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडतात, म्हणजे तिथे उपयुक्त जंतू पुन्हा रुजावेत. मग 'घरातलाच धडधाकट माणूस विष्ठादाता म्हणून का चालणार नाही?' असा प्रश्न पडतो. त्याच्या उत्तरासाठी हे थोडं. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने कळवलं, की प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेतून प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ई. कोलायचा संसर्ग झाला. एक दगावला. त्या विष्ठेची या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती!

म्हणून आधी कसून विचारपूस: अलीकडे प्रतिजैविकं घेतली का, प्रवास कुठे झाला, पोटाचे विकार आहेत का. मग रक्ताच्या आणि विष्ठेच्या चाचण्या. मॅसॅच्युसेट्समधल्या ओपनबायोम या विष्ठापेढीत इच्छुकांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी जण टिकायचे. विष्ठा गोठवून ठेवायची आणि दात्याची फेरतपासणी झाल्यावरच वापरायची, ही पद्धत मला सर्वात मोलाची वाटते. घरच्या घरी हा प्रयोग कृपया करू नका.