एका बरणीला खोका केवढा घ्यावा?

प्रश्न
घरगुती लोणच्याच्या काचेच्या बरण्या कुरिअरने पाठवते. बरणी ८.५ सेंमी व्यासाची, १३ सेंमी उंच, भरल्यावर ६५० ग्रॅम. तयार मिळतो म्हणून ३० × २५ × २० सेंमीचा खोका घेतला आणि उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या भरल्या. तरी बरण्या फुटतात, बिल ३ किलोचं येतं आणि एवढ्याशा बरणीला एवढा खोका कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं. माप नेमकं काय असावं? भरण कशाचं?

प्रतिसाद १
ताई, बिल बरोबर आहे. खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंमीतला गुणाकार भागिले ५०००. तुमचा गुणाकार १५,०००, म्हणून ३ किलो. त्यातले दोन किलोंहून जास्त पैसे निव्वळ हवेचे आहेत.

आतून १५ × १५ × १९ सेंमीचा तीन प्लायचा, म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक लाटांचा कागद असलेला खोका करून घ्या. बाजूंना सव्वातीन आणि वर-खाली तीन-तीन सेंमी भरणाला मिळतात. उंची २० करू नका. कुरिअरवाले बाहेरून मोजतात. पुठ्ठा ३ मिमीचा, वर आणि खाली झडपा दुहेरी पडतात, त्यामुळे बाहेरचं माप १५.६ × १५.६ × २०.२ होतं, आकारमानाचं वजन ०.९८ किलो. एक सेंमी उंची वाढली की १.०३, आणि आकारणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने असेल तर दीड किलोचे पैसे लागतात. खोकेवाल्याला माप सांगताना ‘आतलं’ हा शब्द विसरू नका. काही करारांत भाजक ५००० ऐवजी ४००० असतो, तेही बघून घ्या.

प्रतिसाद २
बरणी फुटते तीही मोठ्या खोक्यामुळेच. हवेच्या पिशव्या एकमेकींवरून सरकतात. एखादी पिशवी दबली की जड बरणी वाट काढत तळाच्या कोपऱ्यात जाऊन टेकते, आणि काच व जमीन यांच्यात फक्त पुठ्ठा उरतो. शिवाय पोकळ खोक्यावर चार खोके चढले की तो मधोमध दबतो.

तपकिरी क्राफ्ट कागद घट्ट चुरगाळून भरा. सैल गोळे पहिल्याच धक्क्यात चपटे होतात. आधी तळ, मग बरणी, मग चारही बाजू, शेवटी वर थोडा जास्त; झडपा मिटताना हाताला दाब जाणवला पाहिजे, पण खोका फुगता कामा नये, कारण फुगलेलं मापही बिलात धरतात. बंद खोका कानाशी धरून हलवा. आत काही सरकलं तर कागद कमी पडलाय. टेप ४८ मिमी, वर-खाली इंग्रजी ‘एच’च्या आकारात. बाजूंच्या पुठ्ठ्यातल्या लाटा उभ्या हव्यात, नाहीतर वरचा भार पेलत नाही. पावसाळ्यात खोके फळीवर ठेवा. दमट पुठ्ठा लवकर बसतो.

मग चाचणी. बरणीत पाणी भरून वजन तेवढंच करा आणि खोका ७६ सेंमीवरून १० वेळा टाका: एक कोपरा, त्याला मिळणाऱ्या तीन कडा, सहा बाजू.

प्रतिसाद ३
एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोकळी जागा सरसकट वाया जात नाही. काचेला ते तीन सेंमी लागतातच. पुस्तकाला किंवा कपड्याला मात्र खोकाच नको, जाड कागदी पाकीट पुरे. युरोपीय संघाच्या २०२५च्या नियमात २०३०पासून ऑनलाइन मालाच्या खोक्यात ५० टक्क्यांहून जास्त रिकामी जागा चालणार नाही, आणि कागदाचं किंवा हवेचं भरणही रिकामी जागाच धरलं जाईल. त्या हिशेबाने वरच्या लहान खोक्यातही सुमारे ८३ टक्के जागा रिकामी आहे. तुमच्या मोठ्या खोक्यात ९५ टक्के.

म्हणून चार बरण्यांचा संच ठेवा. आतून २४.५ × २४.५ × १९ सेंमी. आकारमानाचं वजन २.५५ किलो, खरं वजन साधारण २.९. म्हणजे ३ किलोत चार बरण्या जातात. सुट्या पाठवल्या तर ४ किलोंचे पैसे. आतून बबल लावलेली कागदी पाकिटं घेऊ नका. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं असतं, रद्दीवाला ती घेत नाही.

प्रश्नकर्ती
चार बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये काय घालायचं?

प्रतिसाद २
पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या अर्ध्यापर्यंत चिरून अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींत अडकवा. उंची १३ सेंमीपेक्षा कमी नको, नाहीतर झाकणं झाकणांवर आदळतात आणि तेल गळतं. जुन्या खोक्याचा पुठ्ठा त्याला चांगला चालतो.