शब्दचर्चा : ‘कफ सिरप’मधला कफ कोणता?

अमळनेरहून विचारणा

वडील जिनिंगवर कामाला आहेत. दिवाळीनंतर कापसाचा सीझन भरात आला की त्यांचा खोकला सुरू होतो. यंदा घरात दोन बाटल्या आल्यात. एकीवर ‘कफ सिरप’ छापलंय, दुसरीवर ‘एक्सपेक्टोरंट’. डॉक्टरांनी गोळी लिहून देताना ‘म्युकोलिटिक देतोय’ असं म्हटलं. आईच्या मते सगळी कफाचीच औषधं, कोणतंही घेतलं तरी चालतं. या तीन शब्दांना मराठीत काय म्हणायचं आणि त्यांत फरक काय, कुणी नीट सांगेल का?

जळगावहून उत्तर (माझं मेडिकल आहे)

भाऊ, बरं झालं विचारलंत. या शब्दानं होणारा घोळ मी रोज काउंटरवर पाहतो.

‘कफ सिरप’मधला कफ आपला नाही. तो इंग्रजीतला ‘खोकला’ आहे. आपला कफ संस्कृतातून आलेला, छातीत साठणारा, चिकट. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण देवनागरीत लिहिले की एकसारखेच दिसतात. मग गिऱ्हाईक येतं, “भाऊ, छातीमा कफ भरेल शे, कफनी बाटली द्या.” त्याला हवं असतं छातीतला चिकटा सुटेल असं औषध. पण त्या नावाखाली फळीवर जे असतं त्यात नुसता खोकला दाबणारं औषधही असतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन ही त्यातली नावं. ती मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतात. कोरड्या खोकल्याची ढास लागून झोप येत नसेल तर डॉक्टर ती देतात. छाती कफानं भरलेली असताना तीच घेतली तर खोकला थांबतो आणि कफ आतच राहतो.

एक्सपेक्टोरंटला ‘कफोत्सारक’ म्हणतात, म्हणजे कफ बाहेर पडायला मदत करणारं. ग्वायफेनेसिन त्यातलं. म्युकोलिटिक म्हणजे कफ पातळ करणारं: ब्रोमहेक्सिन, ॲम्ब्रॉक्सॉल, ॲसिटिलसिस्टीन, कार्बोसिस्टीन. याला घडवलेला जड शब्द शोधूच नका. ‘कफ पातळ करणारं औषध’ म्हटलं की म्हातारीलाही कळतं, आणि औषध नेमकं काय करतं तेही कळतं. ॲसिटिलसिस्टीन कफातल्या लांब साखळ्या जिथे गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात तिथे त्या तोडतं. त्याची विरघळणारी गोळी पाण्यात टाकली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो या गंधकाचा. लोक ‘गोळी खराब निघाली’ म्हणून परत आणतात. गोळी खराब नसते.

शिरपूरहून

आमच्याकडे कफ हा शब्द बायका फारसा वापरत नाहीत. ‘बेडका पडला’, ‘खाकरा निघाला’, ‘घशात चिकटा बसलाय’ असंच म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मात्र ‘थुंकी’ असते. बेडका आणि थुंकी एकच का?

नंदुरबारहून उत्तर (सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे)

ताई, एक नाही, आणि या फरकापायी रुग्णाचं निदान लांबतं म्हणून सविस्तर लिहिते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला की क्षयासाठी तपासणी करायची असते. सरकारी केंद्रात ती मोफत होते. तिचं नावच ‘थुंकी तपासणी’ पडलंय. डबी हातात दिली की माणूस तोंडातली लाळ त्यात टाकून मोकळा होतो. पातळ, फेसाळ, पाण्यासारखी. त्यात काही सापडत नाही. आम्हाला हवा असतो छातीतून आलेला बेडका. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, मग जोरानं खोकून काढायचा. पाड्यावरून आलेल्या आजीला मी ‘थुंकी द्या’ म्हणत नाही, ‘बेडका काढा’ म्हणते. तेवढ्यानं डबीत बरोबर वस्तू येते.

दुसरं असं की, कफ पातळ करणारं औषध प्रत्येकाला सोसत नाही. अर्धांगवायू झालेला, अंथरुणाला खिळलेला, खोकायची ताकदच नसलेला माणूस असेल तर कफ पातळ होतो पण बाहेर येत नाही. तो आतच घरघरत राहतो आणि श्वास अडकतो. अशा माणसाला कुशीवर वळवणं, पाठ थोपटणं, गरज पडली तर यंत्रानं कफ ओढणं हे सगळं जोडीला लागतं. घरच्या घरी बाटली आणून पाजायची नाही. दम्याच्या रुग्णाला ॲसिटिलसिस्टीनची वाफ दिली तर श्वासनळ्या आवळू शकतात. ती दवाखान्यातच द्यावी.

चोपड्याहून

आमच्या शेताच्या बांधावर अडुळसा आहे. आजी त्याच्या पानांचा रस मधातून द्यायची. आता सगळे बाटलीमागे लागलेत.

जळगावहून

दादा, तुमच्या बांधावरचा अडुळसा आणि बाटलीतलं ब्रोमहेक्सिन नात्यातलेच आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन तयार केलं गेलं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं त्यातलंच एक ॲम्ब्रॉक्सॉल. म्हणून ‘झाडपाल्याचं आहे, त्रास नाही’ असं धरून चालू नका, बाटलीचंही आणि रसाचंही. गरोदर बाईनं दोन्ही आपल्या मनानं घेऊ नये.

त्रास कोणते होतात तेही सांगतो. मळमळ, पोट बिघडणं, ॲम्ब्रॉक्सॉलनं जीभ बधिर होणं, चव बदलणं. हे बहुधा किरकोळ असतं. पोटात अल्सर असेल तर ही औषधं डॉक्टरांना सांगूनच घ्यायची, आणि अल्सर चालू असताना कार्बोसिस्टीन घ्यायचंच नाही. विरघळणाऱ्या गोळीत सोडियम असतं, बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी ते मोजणीत धरावं. ॲम्ब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिननं क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं, कातडी सोलवटते. २०१५ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं हा धोका माहितीपत्रकात छापायला लावला. पुरळ दिसलं की औषध बंद आणि थेट दवाखाना. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर एक मिनिटही थांबू नका.

लहान मुलांबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. फ्रान्सनं २०१० मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना कफ पातळ करणारी औषधं देणं बंद केलं, कारण इतक्या लहान बाळाला सुटलेला कफ खोकून काढता येत नाही. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली मुलं भेसळीच्या सिरपनं गेली. ते सर्दीचं औषध होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरप द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळायची. शेजारच्या बाळासाठी आणलेली अर्धी बाटली मागून आणणारी माणसं अजून येतात. मी हात जोडून परत पाठवतो.

अमळनेरहून

आभार. एक राहिलं. दुसऱ्या बाटलीचा घोट घेतल्यावर वडिलांचे हात थरथरतात, छातीत धडधडतं. हा कफ सुटल्याचाच परिणाम का?

जळगावहून

नाही. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक असं काही असेल: प्रत्येक ५ मिलीत ॲम्ब्रॉक्सॉल ३० मिग्रॅ, लेव्होसालब्युटामॉल १ मिग्रॅ, ग्वायफेनेसिन ५० मिग्रॅ. थरथर त्या मधल्या नावाची आहे. ते श्वासनळ्या मोकळ्या करतं, कफ पातळ करत नाही. काही बाटल्यांत त्याच्या जागी टर्ब्युटालिन असतं, त्याचाही परिणाम तोच. वडील आधीच दम्याचा पंप घेत असतील तर त्याच जातीचं औषध दोनदा पोटात जातंय. मधुमेह, थायरॉईड किंवा हृदयाचा त्रास असेल तर ही बाटली आजच डॉक्टरांना दाखवा. आणि ‘घोट’ घेऊ नका. झाकणावरच्या खुणेनं मोजून घ्या, घरचा चमचा कधी ३ मिलीचा असतो तर कधी ७ चा.

त्यांना एक विचारून पाहा: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची ती ओळख आहे. तसं असेल तर कफ पातळ करून भागायचं नाही. जिनिंगवर काम करतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. तोवर पाणी भरपूर प्यायला द्या, आणि दोन बाटल्या एकत्र देऊ नका.