वेफर्सचं युनिट टाकतोय, सात ठिकाणचे अर्ज एकमेकांत अडकलेत, आधी कोणता सोडवू?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमचं 20 आर शेत आहे, वडिलांच्या नावावर, गावाला लागूनच. तिथं शेड टाकून केळीच्या वेफर्सचं युनिट करायचं चाललंय. एक स्लायसर, दोन फ्रायर, पॅकिंग मशीन, कामाला गावातल्याच पाच-सहा बाया. भाव पडला की व्यापारी बागेकडं फिरकत नाही म्हणून हा उद्योग, हौस म्हणून नाही.

चूक माझीच, जानेवारीत उत्साहात एका रात्रीत बसून सगळीकडं अर्ज टाकून दिले. उद्यम (लहान उद्योगाची नोंदणी), अन्न परवाना, प्रदूषणाचं संमतीपत्र, थ्री फेज कनेक्शन, ग्रामपंचायतीची नाहरकत, एनए (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी) आणि पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेची सबसिडी. त्यातलं उद्यम तेवढं हातात आलं. बाकी एक म्हणतो लाइट बिल जोडा, दुसरा म्हणतो जागा तुमच्या नावावर कुठंय, तिसरा म्हणतो नकाशा मंजूर करून आणा, बँक म्हणते आधी परवाने दाखवा मग कर्जाचं बोलू, आणि सबसिडी कर्जाशिवाय मिळत नाही. चार महिने यावल, फैजपूर, जळगाव चकरा मारी राह्यलो भो, पेट्रोलमध्ये एक फ्रायर आला असता. एजंट 40 हजार मागतो. देऊन टाकू का?

पापडवाला_दादा:
आधी हात थांबव, नवीन काही अपलोड करू नको. मी पण हेच केलं होतं.

हे सात अर्ज दिसायला सात, मूळ जागेचं आहे. गाव लागून म्हणतो ना, मग गावठाणाच्या हद्दीपासून शेत किती मीटरवर आहे ते आधी बघ. 200 मीटरच्या आत असेल आणि आराखड्यातला झोन आड येत नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 42 ड लागायचं, मग एनएची वेगळी परवानगी नाही, रूपांतर कर भरून बिगरशेतीची सनद घ्यायची असं होतं, आता काय चालतं ते पक्कं कर. तलाठी आप्पाला विचार, पण तोंडी उत्तरावर जाऊ नको, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) काढून घे. आणि शेत हतनूरच्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येत असेल तर पाटबंधारेची नाहरकत मागू शकतात, ती मी शेवटी काढली आणि तिथंच दोन महिने गेले.

जागेचा गुंता वडिलांशी नोंदणीकृत भाडेकरार केला की बराच सुटतो. अन्न परवान्याला ताबा दाखवायला लाइट बिलच पाहिजे असं नाही, करार चालतो. लाइटला सातबारा आणि वडिलांचं संमतीपत्र जोड. म्हणजे ही दोन्ही एकमेकांची वाट बघत नाहीत, उगाच बघायला लावलीत.

प्रदूषणाचं दोन टप्प्यांत असतं, आधी उभारणीची संमती, चालू करायच्या आधी दुसरी. पहिली येण्याआधी शेडचा पाया खोदला असशील तर इथं लिहू नको 😀

नकाशेवाली_जळगाव:
माझं कामच नकाशे काढायचं आहे म्हणून एक विचारते. प्रत्येक अर्जात क्षेत्र काय टाकलंय? सातबाऱ्यावर 20 आर म्हणजे सरळ 2000 चौरस मीटर. पण गावात आपण आर आणि गुंठा एकच धरतो, आणि 20 गुंठ्याचे होतात 2023. एका क्लायंटनं एका अर्जात 2000, दुसऱ्यात 2023 आणि तिसऱ्यात नुसत्या शेडचं क्षेत्र टाकलं होतं, तिन्ही ठिकाणी त्रुटी निघाली आणि तो बिचारा सांगत फिरत होता की मला मुद्दाम अडवतात.

तसंच एचपीचं, म्हणजे मशीनच्या हॉर्सपॉवरचं. कनेक्शनला, संमतीपत्राला, अन्न परवान्याला, तिन्हीकडं मशीनचा एचपी विचारतात. आधी मशीनवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या, त्यावरून बेरीज करा आणि तोच आकडा सगळीकडं. पाण्याचा स्रोत पण एकच लिहा, एका ठिकाणी विहीर आणि एका ठिकाणी बोअर नको, पाण्याचा तपासणी रिपोर्टही त्याच स्रोताचा हवा. घरी एक दोनशेपानी वही घाला: अर्ज क्रमांक, तारीख, कोणता आकडा टाकला, कोणाची त्रुटी आली, उत्तर कधी दिलं.

खान्देशी_भाऊ:
वही बिही ठीक आहे ताई पण शेतकऱ्याला बागेत पाणी सोडायचं का पोर्टल बघत बसायचं? एजंटला देऊन टाक म्हणतो मी. मैत्री म्हणून सरकारचं उद्योगांसाठी सिंगल विंडो पोर्टल आहे म्हणतात, पण छाननी ज्या त्या खात्याचीच होते.

पापडवाला_दादा:
भाऊ, एजंट लावायला ना नाही, मी पण नकाशाला आणि मोजणीला माणूस लावला होता. पण एजंटनं आपलाच मोबाईल नंबर टाकला की त्रुटीचा मेसेज त्याला जातो आणि तुला कळतं पंधरा दिवसांनी. लॉगिन आणि नंबर स्वतःचाच ठेव. आणि उद्यमसाठी पैसे मागत असेल तर तो एजंट नकोच, ते सरकारी पोर्टलवर फुकट आहे.

दुसरं म्हणजे तारखेची पावती सांभाळ. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, अधिसूचित सेवा असेल आणि मुदत उलटली तर 30 दिवसांत पहिलं अपील टाकता येतं. प्रदूषणाच्या अर्जाला जल प्रदूषणाच्या कायद्यात चार महिन्यांची मुदत आहे, पण तुझंच उत्तर त्यांच्याकडं गेलेलं नसेल तर ती मोजत बसू नको.

बँकेला सांग, प्रकल्प अहवालावर तत्त्वतः मंजुरीचं पत्र द्या, परवाने कर्जवाटपाच्या आधी देतो. पीएमएफएमईत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. योजना आता चालू आहे का ते आधी कृषी कार्यालयातून पक्कं कर. आणि मंजुरीआधी मशीनला उचल देऊ नको.

केळीवाला_यावल:
ताई, तुमचं वाचून रात्री सगळे अर्ज समोर ठेवले. एचपी एका ठिकाणी 15, एका ठिकाणी 18.5, आणि एका ठिकाणी चक्क 150, टिंब राहिलं असंल. अन् पाण्याला एकीकडं विहीर, जी 3 वर्षांपासून कोरडी आहे.

भाडेकरारासाठी बाबांना म्हटलं तर म्हणे माझ्याच शेताचं भाडं तू मला देणार, किती देणार ते सांग आधी. सोमवारी त्यांना घेऊन जातो नोंदणीला. दादा, गावठाणाची हद्द मोजायची ती शेताच्या बांधापासून का शेडच्या जागेपासून?

नकाशेवाली_जळगाव:
हेच मोजणीच्या वेळी विचारा आणि उत्तर क प्रतीवर उतरवून घ्या. 150 आधी दुरुस्त करा हो, नाहीतर तुमच्या वेफर्ससाठी वेगळी डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसवायला निघतील.