मदत हवी आहे : बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, लवकर सांगा

सायली_दहिसर :
कपाट पुढे ओढलं तर मागची अख्खी भिंत काळी! कुबट वासाने डोकं दुखतं. मुलाचा खोकला थांबत नाही, डॉक्टर म्हणाले आधी बुरशी घालवा. पुसली की पुन्हा येते. कोणता एअर प्युरिफायर घेऊ? कृपया नेमकं सांगा.

निनाद :
कितवा मजला? भिंत बाहेरची की पलीकडे बाथरूम? कशाने पुसली?

वर्षाताई :
अगं, ब्लीचिंग पावडरचं पाणी मार. गिरगावच्या चाळीत आम्ही दर पावसाळ्यात तेच करायचो.

मुलुंडकर :
ताई, टाइल्सवर ठीक आहे. पुट्टी-प्लास्टर ओल शोषतं, तिथे वरचा काळेपणा जातो आणि मुळं आत राहतात. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात लहान मूल आहे.

वर्षाताई :
आम्हाला इतक्या वर्षांत काही झालं नाही हो.

हिरवा_कोपरा :
स्नेक प्लँट ठेवा. हवा शुद्ध होते म्हणतात.

मुलुंडकर :
दमट खोलीत आणखी कुंड्या कशाला? मातीतही बुरशी धरते.

सायली_दहिसर :
भिंत बाहेरची, पश्चिमेची. वर अजून मजले आहेत. कोरड्या फडक्याने पुसते. प्युरिफायरचं कोणीच बोलत नाहीये!

निनाद :
कोरडं पुसल्याने बुरशीचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे बारीक कण, खोलीभर उडतात. एन-९५ मास्क लावा, मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा, डिटर्जंटच्या पाण्यात ओलं केलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो, म्हणजे उडते बीजाणू पकडेल. पण भिंतीतली ओल तो काढत नाही. घ्यायचाच तर नंतर घ्या.

आधी भिंतीचा एक तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. दोन दिवसांनी कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा.

पैठणीवाली :
कपाटातल्या साड्यांनाही पांढरी बुरशी आलीये. डांबराच्या गोळ्या चालतील का?

वर्षाताई :
अगं त्या किड्यांसाठी. ओलीला उपयोग नाही. कडक उन्हात वाळव, मगच घडी घाल.

सायली_दहिसर :
कागद लावला होता. भिंतीकडची बाजू ओलीचिंब! सेक्रेटरी म्हणतात घरातली दुरुस्ती तुमची तुम्ही करा.

मुलुंडकर :
आतल्या बाथरूम-सिंकची गळती सभासदाची. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नियमावली) खर्च सोसायटीचा. फोटोसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाहेरून भेगा न भरता आतून वॉटरप्रूफ रंग लावाल तर पोपडे सुटणारच.

निनाद :
हो, आणि भिंत वाळेपर्यंत रंग नाहीच. कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा, मागे हवा खेळू दे. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा, कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. पावसाळ्यात बाहेरची हवाच ८० टक्क्यांवर दमट असते, त्यामुळे दिवसभर खिडकी उघडी ठेवून खोली वाळणार नाही. आतला दमटपणा ६० टक्क्यांखाली हवा. छोटा आर्द्रतामापक घ्या, स्वस्त मिळतो.

सायली_दहिसर :
अर्ज आज देते. मुलगा आजपासून हॉलमध्ये झोपेल. एसी नाहीये, मग काय करू?

निनाद :
डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र. खोली किती मोठी आहे?