पटायाला गेलात तर गेलात, पण विमानतळावर ते लपवू नका

कोपरीकर, ठाणे पूर्व · रविवार, ८ मार्च २०२०

माझं कोपरीत रंग-हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्या धंद्यात 'स्कीम' असते. ठरलेल्या मुदतीत ठरलेला माल उचलला, टार्गेट गाठलं, की कंपनी डीलरला बँकॉक-पटाया फिरवून आणते. चार रात्री, पाच दिवस. तिकीट एकट्याचं, त्यामुळे बायको बरोबर नसते. मी २०१७ साली गेलो होतो. पटायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर, म्हणजे बार आणि देहविक्रयाच्या रस्त्यावर, रात्री काय चालतं ते पाहिलंय, आणि आमच्यातले निम्मे लोक त्यासाठीच टार्गेट गाठतात हेही मला माहीत आहे. परत आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, म्हणून आज हे लिहू शकतोय.

यंदा ठाणे-नवी मुंबईतले एकोणीस जण आहेत. पाच जण मंगळवारी, धुळवडीच्या रात्री निघणार आणि पुढच्या रविवारी पहाटे परत येणार. बाकीचे चौदा जण १४ तारखेला निघणार. मी नाव मागे घेतलं आहे. चीनबाहेरचा पहिला कोरोना रुग्ण १३ जानेवारीला थायलंडमध्येच सापडला होता. महिनाअखेरीस तिथला एक टॅक्सीवाला आजारी पडला. तो चीनला कधी गेलाच नव्हता, चिनी प्रवासी त्याच्या गाडीत बसले होते. हा टॅक्सीवाला माझ्या डोक्यातून जात नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. या एकोणीसपैकी किमान आठ जणांनी घरी खोटं सांगितलंय. कुणी हैदराबादला डीलर मीट म्हणून, कुणी वापीला फॅक्टरी बघायला म्हणून. चार तारखेपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाची विमानतळावर तपासणी होते आणि फॉर्म भरून घेतात. तिथं खरं लिहिलं तरी घरच्यांना आणि घरच्या डॉक्टरला हे लोक काय सांगणार? केरळची आजचीच बातमी बघा. इटलीहून आलेल्या तिघांच्या कुटुंबाने विमानतळावर तशी नोंद केली नाही, असं तिथल्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा सांगतात. ते तिघे आणि दोन नातेवाईक, असे पाच जण बाधित निघाले.

माझं म्हणणं एवढंच आहे. जाऊ नका. आणि जायचंच असेल तर निघायच्या आधी घरात एका तरी माणसाला खरं सांगून निघा.

एपीएमसीवाला, वाशी · ८ मार्च, रात्री

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं झालंय तुमचं. २०१७ ला स्वतः जाऊन आलात, आता आम्हाला शिकवता. पहिल्या पाचांत मी आहे, म्हणून बोलतो.

थायलंडची वस्ती सात कोटींच्या आसपास. त्यात रुग्ण जेमतेम पन्नास. आपल्याकडेही चाळिशीला आलेच की. मग उद्यापासून मार्केट बंद ठेवू का? पहाटे तीनला माझ्या गाळ्यावर चार राज्यांतले ट्रकवाले येतात, त्यांना कोण विचारतं कुठून आलात म्हणून? वर्षभर उधारी गोळा करत, माथाडींशी हुज्जत घालत टार्गेट पूर्ण केलंय. कंपनी त्याचे पैसे देत नाही, नाही गेलो तर ते बुडाले. आणि चार दिवस मी काय करतो हा माझा प्रश्न आहे. तिथली बाई सज्ञान, मी सज्ञान. तुम्हाला खुपतंय ते दुसरंच, कोरोना नुसता निमित्त आहे.

तिकीटवाला, सीवूड्स · ९ मार्च

मी अशाच टूर बुक करतो. पटाया म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं कुटुंबवाली असतात. कोरल आयलंड, नोंगनूच बाग, सफारी वर्ल्ड, आजी-आजोबा आणि नातवंडं. व्हिसा ऑन अरायव्हलची दोन हजार बाहतची फी थायलंडने एप्रिलअखेरपर्यंत माफ केली होती, म्हणून यंदा बुकिंग चांगलं होतं. आता रोज कॅन्सलेशनचे फोन येतात. हॉटेल आणि लँड पॅकेजचे पैसे तिकडच्या एजंटकडे गेलेत, तो परत देत नाही, आणि गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहतं. विमा काढलेलेही पॉलिसी घेऊन येतात. साथीच्या भीतीने तुम्ही स्वतः रद्द केलं तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, हे बारीक अक्षर कुणी वाचलेलं नसतं.

तरीही कोपरीकरांचं एक मला पटतं. पासपोर्टवर शिक्का न मारता येतं का, असं विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. येत नाही.

डॉक्टर, नौपाडा · ९ मार्च

एपीएमसीवाल्यांना: तुम्ही आणि ती बाई सज्ञान आहात हे खरं, पण हा खोकल्यातून पसरणारा आजार आहे. तुमच्यामागे विमानात बसलेल्याची संमती कुणी घेतली?

सध्या तपासणीचा नियम काय आहे तो समजून घ्या. ताप-खोकला असलेल्या प्रत्येकाची चाचणी होत नाही. परदेशातून आलेला असेल किंवा बाधिताच्या संपर्कात आलेला असेल, तरच नमुना घेतात. म्हणजे तुम्ही 'हैदराबाद' म्हणालात की तुमची चाचणीच होणार नाही. मी साध्या फ्लूची औषधं देईन आणि तुम्ही घरी जाऊन आईशेजारी झोपाल. विमानतळावरची ती बंदूक फक्त ताप मोजते. लक्षणं दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला माणूस तिच्यासमोरून आरामात निघून जातो. आमच्याकडे पेशंटच्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही.

उत्सव चौक, खारघर · १० मार्च

मी देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर बारा वर्षं काम केलंय. धागा वाचून राग आला, आणि दोन्ही बाजूंचा आला.

कोपरीकर, तुमच्या लिहिण्यात विषाणू तिकडून इकडे येतो. ती बाई पटायातच आहे, विमानात बसतो तो पुरुष. तिच्याकडे आज दिल्लीचा, उद्या मिलानचा, परवा सोलचा गिऱ्हाईक येतो. आजार तिला तुम्ही नेऊन देणार आणि नाव तिचं होणार. एचआयव्हीच्या वेळी हेच झालं. थायलंडने १९९१ मध्ये देशभर शंभर टक्के कंडोमचा कार्यक्रम राबवला आणि तो चालला, कारण नियम ठिकाणाला लावला होता. कंडोमशिवाय गिऱ्हाईक नाही, मग तो कुठल्याही दारात जावो. श्वासातून पसरणाऱ्या आजाराला तसा उपाय नाही.

आणि एपीएमसीवाले दादा, 'सज्ञान' हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. त्यातल्या पुष्कळ मुली इसानच्या, म्हणजे ईशान्येकडच्या भातशेतीच्या गरीब भागातून आलेल्या असतात आणि गावी पैसे पाठवतात. १९९६ च्या कायद्याने हा धंदा तिथं बेकायदेशीर आहे. रस्ताभर उघड चालतो, पण कायद्यात ती कामगार नाही, त्यामुळे आजारपणाची पगारी रजा नाही, भरपाई नाही. ताप आला म्हणून घरी बसली तर त्या दिवसाचं जेवण बुडालं. ती तुम्हाला 'नको' म्हणू शकते का, हे स्वतःला विचारा. बार बंद झाले तर तिच्या हाताला काय उरणार, हाही प्रश्न मला छळतो. म्हणून नुसतं 'जाऊ नका' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

वकील, ठाणे · १० मार्च

दोनच मुद्दे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी संबंध ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला थायलंडमध्ये तुरुंगवास आहे. शिवाय भारतीय दंड संहितेचं कलम ४ भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं. 'तिकडे केलं, इकडे कोण विचारतो' हा समज चुकीचा आहे. दुसरं, जिवाला धोका असलेला आजार निष्काळजीपणे पसरवणं हा कलम २६९ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद.

नाव देत नाही, ऐरोली · ११ मार्च, पहाटे

तीन दिवस वाचतेय. आता लिहिते.

माझे मिस्टर फेब्रुवारीत 'हैदराबादला' गेले होते. आल्यावर चौथ्या दिवशी ताप, मग कोरडा खोकला. घरात सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, मधुमेह. आम्ही सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, बाहेरदेशी कुठे गेला होतात का? मी शेजारच्या खुर्चीवर होते. हे म्हणाले, नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? हे म्हणाले, नक्की.

आठवड्याने कपडे धुवायला टाकताना पँटच्या खिशात वीस बाहतची नोट सापडली. राजाचं चित्र असलेली हिरवी नोट. मला आधी कळलंच नाही ती कुठली.

ताप गेला, सासूबाई ठीक आहेत. तो काय आजार होता ते कुणालाच कळणार नाही, कारण डॉक्टरांना खरं कळलंच नव्हतं. त्या बाईचं मला काय वाटतं ते मी इथं लिहिणार नाही, ते माझं आणि त्यांचं आहे. पण त्या दोन आठवड्यांत सासूबाईंचं औषध, जेवण, आंघोळ सगळं मी केलं. माझ्या हातांनी. डॉक्टरांपुढे खोटं बोलताना ते माझ्यासमोर बोलले, आणि ज्यांना जपायचं त्या आईच्या खोलीत मला पाठवलं. आणि हे वाशीचे भाऊ म्हणतात, माझा प्रश्न आहे.

एपीएमसीवाला, वाशी · ११ मार्च, रात्री, पटायाहून

वहिनी, तुम्हाला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नाहीत. माझीही आई घरात आहे.

पण एक बाजू कुणीच मांडत नाही, ती मांडतो. मी खरं सांगितलं तर ते माझ्या डॉक्टरपाशी राहील का? दुबईहून आलेलं पुण्याचं जोडपं परवा बाधित निघालं, आणि त्या घरातल्यांची नावं व्हॉट्सॅपवर फिरली. ते तर रीतसर सहलीला गेले होते. माझ्या दारावर 'बँकॉक-पटाया' असा कागद चिकटला तर? माझी मुलगी दहावीला आहे, पेपर चालू आहेत. नाव गुप्त राहील याची हमी द्या, मी उद्या सगळं लिहून देतो. हमी नसेल तर लोक खोटंच बोलणार, कितीही धागे काढा.

डॉक्टर, नौपाडा · १२ मार्च

हा प्रश्न रास्त आहे, आणि पूर्ण हमी मी देऊ शकत नाही. माझ्यापुरती देतो. मला फक्त शहर, तारखा आणि कुणाकुणाच्या जवळ होतात ते हवं. कशासाठी गेला होतात हे मी विचारत नाही, केसपेपरवर लिहीत नाही. 'बँकॉक, ११ ते १४ मार्च, गर्दीची बंद ठिकाणं' एवढं पुरतं. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलीला आणि आईला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं कारण तुम्हाला द्यावंच लागेल.

पुण्याच्या प्रकरणात त्या जोडप्याला मुंबईहून पुण्याला नेणारा टॅक्सीचालकही बाधित आहे. त्याचा पत्ता लागला, कारण त्यांचा प्रवास कळला.

कोपरीकर, ठाणे पूर्व · शुक्रवार, १३ मार्च

थायलंडने आपल्यासाठी व्हिसा ऑन अरायव्हल बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या सरकारनेही गरज नसेल तर परदेशी जाऊ नका, परत आल्यावर किमान चौदा दिवस वेगळं ठेवलं जाऊ शकतं, असं सांगितलं. उद्याची चौदा जणांची ट्रिप कंपनीने पुढे ढकलली. त्यांच्यातल्या दोघांनी मला फोन केला. एक चिडला होता. दुसरा म्हणाला, बरं झालं, मला स्वतःहून नाही म्हणता येत नव्हतं.

खारघरच्या ताई, तुमचं बरोबर आहे. मी तिकडून इकडे एवढंच पाहत होतो.

तिकडे असलेले पाच जण रविवारी पहाटे उतरणार. त्यांना आणायला जाणारी गाडी माझी आहे, ड्रायव्हर माझा आहे. कळव्याला राहतो, घरी दीड वर्षाचा मुलगा. काल त्याला दुकानात बसवून सगळं सांगितलं, कुठून येतायत तेही. जायचं नसेल तर जाऊ नकोस, पगार कापणार नाही, असंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, शेठ, मी गेलो नाही तर ते दुसरी टॅक्सी करतील, आणि त्या टॅक्सीवाल्याला कोण सांगणार?

गाडी मीच घेऊन जाणार आहे. मास्क गोखले रोडवरच्या तीन दुकानांत मिळाला नाही, चौथ्यात दुप्पट किमतीला मिळाला. सहा घेतलेत. काचा उघड्या ठेवणार. पाचही जणांना मेसेज केलाय की गाडी थेट घरी जाणार नाही, आधी डॉक्टरांकडे थांबणार. तिघांचं 'ठीक आहे' आलं. एकाने वाचून उत्तर दिलेलं नाही. वाशीच्या भाऊंनी एवढंच विचारलंय, बायकोला फोन आज करू की उतरल्यावर.

मी लिहिलं, आज.